फॉरनॅक्सचे गुच्छ बुडाले का नाहीत? डार्क मॅटरचा हिशेब घरच्या स्प्रेडशीटवर

आधी साहित्य. कुठलंही स्प्रेडशीट चालेल, मोबाइलवरचंसुद्धा, पण रकाने सात-आठ होतात म्हणून लॅपटॉप बरा. बारावीपर्यंतचं गणित पुरतं. आणि एक वही. कुठला आकडा कुठून घेतला हे वहीत लिहिल्याशिवाय पुढच्या रकान्याला हात लावायचा नाही. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे या बाबतीत जरा कडक आहे. दुर्बीण लागत नाही. तिचं शेवटी बोलू.

काढायचं काय आहे ते थोडक्यात. फॉरनॅक्स नावाची एक बटू दीर्घिका आपल्या आकाशगंगेभोवती फिरते, साधारण १४७ किलोपार्सेकवर, म्हणजे पावणेपाच लाख प्रकाशवर्षांवर. आपल्या आसपासच्या बहुतेक बटू दीर्घिकांमध्ये एकही बंदिस्त तारकागुच्छ, म्हणजे गुरुत्वाने घट्ट बांधलेला ताऱ्यांचा गोल पुंजका, नाही. हिच्यात सहा आहेत. हे गुच्छ दीर्घिकेच्या मध्याभोवती फिरतात, आणि फिरताना आजूबाजूचं डार्क मॅटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारं पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य, त्यांचा वेग खातं. वेग गेला की कक्षा आकसते आणि गुच्छ मध्याकडे बुडत जातो. किती वर्षांत बुडेल हे आपण घरी काढू शकतो. उत्तर असं येतं की त्यातले दोन केव्हाच बुडायला हवे होते. ते अजून वर आहेत. या एका गोष्टीवरून दीर्घिकेच्या पोटात डार्क मॅटर कसं पसरलंय याबद्दल बरंच बोलता येतं, आणि किती बोलता येत नाही हेही त्याच तक्त्यात दिसतं.

माझ्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी रविवारी कॉलेजची चार-पाच मुलं येतात. त्यांच्याकडून मी हा हिशेब करून घेतो. तोच क्रम इथे देतोय.

डार्क मॅटर आहे हे आधी स्वतः बघा

दुसऱ्याने सांगितलं म्हणून मानायचं नाही. फॉरनॅक्समधले तारे एकमेकांच्या मानाने सेकंदाला साधारण ११ किलोमीटर वेगाने इकडेतिकडे पळतात. वर्णपटावरून हा वेग मोजता येतो. दीर्घिकेचा अर्धा प्रकाश जेवढ्या त्रिज्येत दिसतो ती त्रिज्या सुमारे ०.७ किलोपार्सेक. आता वेगाचा वर्ग करा, त्रिज्येने गुणा, ४ ने गुणा आणि गुरुत्व स्थिरांकाने भागा. किलोपार्सेक, किलोमीटर प्रतिसेकंद आणि सूर्याचं वस्तुमान ही एककं ठेवली तर हा स्थिरांक ०.०००००४३ येतो. शून्यं मोजून टाका. एककांची सरमिसळ झाली की सगळा तक्ता वाया जातो, आणि तक्ता तुम्हाला काही बोलत नाही, गप बसून चुकीचं उत्तर देतो.

उत्तर येईल सुमारे ७.९ कोटी सूर्य. मध्यापासून साधारण ०.९ किलोपार्सेकच्या आत एवढं वस्तुमान आहे. (दिसणारी त्रिज्या सपाट चित्रावरची असते, खरी तिच्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून ०.९.) तेवढ्याच जागेत ताऱ्यांचं वस्तुमान एक ते दोन कोटी सूर्यांच्या आसपास भरतं. उरलेलं दिसत नाही. जमेला ७.९, खर्चाला फार तर दोन. माझ्या खात्यात असा फरक निघाला असता तर त्या रात्री कुणी घरी गेलं नसतं.

अशी तफावत बटू दीर्घिकांत पहिल्यांदा लक्षात आली ती १९८३ साली, मार्क आरोनसन यांच्या कामातून. त्यांनी ड्रॅको दीर्घिकेतल्या फक्त तीन कार्बन ताऱ्यांचे वेग मोजले होते. तीन ताऱ्यांवर एवढा मोठा दावा! पण पुढे शेकडो तारे मोजले गेले आणि तो टिकला.

मात्र एक गोष्ट इथे लिहून ठेवा. ७.९ कोटी हा एकूण साठा झाला. तो मध्याशी दाटून बसलाय की सगळीकडे सारखा पसरलाय, हे या आकड्यातून कळत नाही. दोन्ही मांडण्यांत ताऱ्यांचे वेग जवळपास तेच राहू शकतात. १९९० च्या दशकात नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी संगणकावर थंड (म्हणजे संथ कणांच्या) डार्क मॅटरचे गोळे बनवून पाहिले, तेव्हा घनता मध्याकडे चढत जाताना दिसली: अंतर निम्मं केलं की घनता दुप्पट. अशा मांडणीला मी मुलांसमोर ‘टोक’ म्हणतो. दुसरी मांडणी म्हणजे मध्याशी घनता सपाट, तिला ‘गाभा’. टोक की गाभा, हे ठरवायला गुच्छ उपयोगी पडतात.

गुच्छाचा वेग जातो कुठे

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी गर्दीतून पुढे सरकते ते डोळ्यांसमोर आणा. काठी जवळ आली की बाजूची माणसं तिच्याकडे वळतात, पण ती तिथवर पोचेपर्यंत काठी पुढे गेलेली असते, म्हणून दाटी होते ती काठीच्या मागे. गुच्छाचंही तसंच. त्याच्या गुरुत्वाने डार्क मॅटरचे कण त्याच्याकडे वळतात, त्याच्या मागे दाटतात, आणि ती मागची दाटी गुच्छाला मागे ओढते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ साली याचं गणित मांडलं. यात कुणी कुणाला घासत नाही, तरी त्याला गतिकीय घर्षण म्हणतात.

दोन गोष्टी ध्यानात राहू द्या. गुच्छ जितका जड तितकी मागे दाटी जास्त, म्हणजे जड गुच्छ लवकर बुडतो. आणि वेळ अंतराच्या वर्गाने बदलतो: मध्यापासून दुप्पट लांबचा गुच्छ बुडायला चौपट वेळ घेतो. सगळी मेख या वर्गात आहे.

तक्ता

पाच ओळी करा. सहावा गुच्छ डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-पाहणीच्या चित्रांवरून २०१९ साली पक्का झाला, पण तो फार विरळ आहे, त्याला सध्या बाहेर ठेवा. पहिल्या रकान्यात गुच्छाचा क्रमांक, दुसऱ्यात दीर्घिकेच्या मध्यापासून आकाशावर दिसणारं अंतर किलोपार्सेकमध्ये, तिसऱ्यात वस्तुमान सूर्यांमध्ये.

पहिला: १.६ आणि ३७ हजार
दुसरा: १.०५ आणि १ लाख ८२ हजार
तिसरा: ०.४३ आणि ३ लाख ६३ हजार
चौथा: ०.२४ आणि १ लाख ३२ हजार
पाचवा: १.४३ आणि १ लाख ७८ हजार

चौथ्या रकान्यात बुडण्याचा काळ. अंतराचा वर्ग गुणिले वेग (सगळ्यांना ११) गुणिले १.६५; त्याला भागिले वस्तुमान, गुरुत्व स्थिरांक आणि एक लॉगरिदम यांचा गुणाकार. हा लॉगरिदम म्हणजे दाटी किती लांबून जमते आणि किती जवळून, या दोन अंतरांच्या गुणोत्तराचा. इथे तो ३ ते ४ च्या घरात पडतो, ४ घ्या. जे येईल त्याला ९७.८ ने गुणलं की उत्तर कोटी वर्षांत मिळतं.

तिसऱ्या गुच्छाची ओळ हाताने करून ताळा घ्या. ०.४३ चा वर्ग ०.१८४९, गुणिले ११ म्हणजे २.०३. खाली ०.०००००४३ गुणिले ३,६३,००० म्हणजे १.५६. भागाकार १.३. गुणिले १.६५, भागिले ४, गुणिले ९७.८: सुमारे ५३ कोटी वर्षं. चौथ्याचे ४५ कोटी येतात, दुसऱ्याचे ६२५ कोटी, पाचव्याचे १,१९० कोटींच्या आसपास, आणि पहिल्याचे ७,१०० कोटींच्या वर. पहिला हलका आणि लांब, त्याला विश्वाचं वयही पुरणार नाही.

आता पाचव्या रकान्यात वय टाका. हे बहुतेक गुच्छ १,००० कोटी वर्षांहून जुने आहेत. चौथा इतरांपेक्षा थोडा तरुण धरला तरी तोही त्याच घरातला. १,००० कोटी वर्षं जगलेला गुच्छ ४५ किंवा ५३ कोटी वर्षांत बुडायला हवा असेल तर तो आज तिथे दिसायलाच नको. (दुसऱ्याचे ६२५ही कमी पडतात, पण फार नाही; त्याला इथे बाजूला ठेवू.) दीर्घिकेच्या मध्याशी बुडालेल्या गुच्छांचा मिळून एक ठळक गोळा असायला हवा होता. फॉरनॅक्सच्या मध्यावर तसा तेजस्वी गोळा नाही. हे कोडं स्कॉट ट्रेमेन यांनी १९७६ सालीच मांडलं होतं.

लॉग ४ ऐवजी ३ करून बघा: तिसऱ्याचे ५३ चे ७० कोटी होतात. वेग ११ चा १२ करा, थोडी आणखी भर पडते. कितीही ओढाताण केली तरी ५३ चे १,००० होत नाहीत. हा खेळ मुलांना मी मुद्दाम करायला लावतो. कुठल्या आकड्यावर उत्तर हलतं आणि कुठल्यावर हलत नाही, हे बोटांना कळलं पाहिजे.

कागलच्या मुलीचा प्रश्न

बी.एस्सी.ला असलेली कागलची एक मुलगी आमच्यात येते. तक्ता बघून ती म्हणाली, “काका, अंतर आकाशावर दिसणारं घेतलंय. गुच्छ मध्याच्या पुढे किंवा मागे असला तर?”

बरोबर बोट ठेवलं तिनं. आपल्याला आकाशाचं सपाट चित्र दिसतं, खोली दिसत नाही. तिसरा गुच्छ चित्रात मध्यापासून ०.४३ वर दिसला तरी तो आपल्या बाजूला बराच अलीकडे असू शकतो. मग खरं अंतर जास्त, आणि वेळ तर अंतराच्या वर्गाने वाढतो. शिवाय ही खोली आज मोजता येत नाही. १४७ किलोपार्सेकच्या अंतरात नुसत्या २ टक्क्यांची चूक धरली तरी ती ३ किलोपार्सेक होते, म्हणजे हे सगळे गुच्छ ज्या जागेत आहेत तिच्यापेक्षा मोठी.

तर उलटा हिशेब करा. तिसऱ्या गुच्छाला १,००० कोटी वर्षं मिळायची असतील तर तो खरा किती लांब हवा? १,००० भागिले ५३, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.४३: सुमारे १.९ किलोपार्सेक. चौथ्यासाठी तसंच केलं तर १.१ किलोपार्सेक. अशक्य आहे का? नाही. पण १.९ वर असलेला गुच्छ चित्रात ०.४३ वर दिसायचा असेल तर तो जवळजवळ थेट आपल्या नजरेच्या रेषेत हवा. दिशा कुठलीही असू शकते असं धरलं तर त्याची शक्यता एक वजा वर्गमूळ (एक वजा गुणोत्तराचा वर्ग) या सूत्राने निघते; गुणोत्तर म्हणजे दिसणारं अंतर भागिले खरं अंतर. तिसऱ्यासाठी शंभरात तीनपेक्षा कमी येते, चौथ्यासाठी शंभरात दोनच्या थोडी वर. दोघांच्याही बाबतीत एकदम तसं घडण्याची शक्यता दहा हजारांत सहाच्या आसपास.

दुसरी पळवाट अशी की हे दोघे बाहेरून आत येत येत आत्ता शेवटच्या टप्प्यात आलेत आणि आपण नेमके तेव्हा बघतोय. १,००० कोटी वर्षांपैकी शेवटची ५० कोटी म्हणजे वीसात एक. एका गुच्छासाठी मी हे मानलं असतं. दोन गुच्छ एकाच वेळी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे पुन्हा योगायोगावर योगायोग. तरीही हे दार पूर्ण बंद करू नका. गुच्छ किती बाहेरून निघाले, दीर्घिकेचं पूर्वी दुसऱ्या एखाद्या बटू दीर्घिकेशी विलीनीकरण झालं का, यावर आजही संशोधक भांडतात आणि काहींच्या मते या कोड्याची धार सांगतात तेवढी तीक्ष्ण नाही. माझं मत विचाराल तर चौथ्या गुच्छाचा हट्ट सोडता येईल, तिसऱ्याचा सोडवत नाही. तो सगळ्यात जड आहे.

गाभा घातला की काय होतं

आपलं सूत्र धरून चालतं की घनता मध्याकडे चढत जाते. आता गाभा घालून बघू. त्यासाठी आणखी दोन रकाने: टोकाच्या मांडणीत एका फेरीला लागणारा वेळ आणि गाभ्याच्या मांडणीत लागणारा वेळ. फेरीचा वेळ म्हणजे दोन पाय गुणिले वर्गमूळ (अंतराचा घन भागिले गुरुत्व स्थिरांक आणि आतलं वस्तुमान यांचा गुणाकार), आणि शेवटी तेच ९७.८. टोक असेल तर आतलं वस्तुमान अंतराच्या वर्गाने वाढतं, सपाट गाभा असेल तर घनाने. दोन्हीकडे ०.९३ किलोपार्सेकच्या आत ७.९ कोटी सूर्य ठेवा, म्हणजे तुलना सरळ होईल.

०.९३ वर दोन्ही रकाने ३० कोटी वर्षं दाखवतील. आता अंतर पाव करा, ०.२३. टोकाच्या रकान्यात १५ कोटी, गाभ्याच्या रकान्यात पुन्हा ३० कोटी! ०.१ करा, ०.०५ करा, गाभ्यात ३० चे ३०च. आतला कण असो की बाहेरचा, सगळे एकाच वेळेत फेरी पूर्ण करतात, आणि गुच्छही त्याच वेळेत. गर्दीच काठीबरोबर त्याच चालीने फिरायला लागली तर मागे दाटी होणार कशी? ओढ संपते. गुच्छ गाभ्याच्या आत थोडा येतो आणि तिथे थबकतो.

हे २००६ साली संगणकावरच्या मोठ्या सिम्युलेशनमध्ये दोन वेगळ्या कामांत दिसलं, एक गोर्ट आणि सहकाऱ्यांचं, दुसरं रीड आणि सहकाऱ्यांचं. थबकण्याची क्रिया चंद्रशेखरांच्या साध्या सूत्रात येत नाही, कारण ते सूत्र गर्दी सगळ्या दिशांनी सारखी पळतेय असं मानतं. म्हणून पायथॉन येणाऱ्या मुलांना एक इशारा. गॅल्पी नावाचं मोफत पॅकेज आहे, त्यात गतिकीय घर्षण तयार मिळतं आणि टोकाची व गाभ्याची दोन्ही मॉडेल्स मिळतात. जरूर चालवा, कक्षा आकसताना बघायला मजा येते. पण गाभ्याच्या मॉडेलमध्येही त्यातला गुच्छ हळूहळू बुडतच राहिला तर गोंधळू नका; सूत्र तेच जुनं आहे. थबकणं बघायचं तर लाखो कण एकमेकांना ओढतात असं सिम्युलेशन लागतं, ते घरच्या लॅपटॉपवर रात्रभर चालवावं लागेल.

मग फॉरनॅक्समध्ये गाभा आला कुठून? इथे मी मुलांना दोन वेगळी पानं करायला लावतो. पहिल्या पानावर साधं डार्क मॅटर आणि ताऱ्यांचा धिंगाणा: तारे जन्मले, मोठे तारे फुटले, वायू पुन्हा पुन्हा बाहेर फेकला गेला, आणि दर वेळी मध्याचं गुरुत्व हलल्यामुळे डार्क मॅटरही बाहेर सरकत गेलं. फॉरनॅक्समध्ये तारे अगदी अलीकडे, दहा-वीस कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, जन्मत होते, त्यामुळे ही कथा तिला शोभते. दुसऱ्या पानावर डार्क मॅटरच वेगळं: कण एकमेकांवर आदळणारे, किंवा इतके हलके की त्यांची लहर दीर्घिकेच्या मापाची होते. हुई, ऑस्ट्रायकर, ट्रेमेन आणि विटेन यांनी २०१७ साली अशा हलक्या कणांचा लेखाजोखा मांडला तेव्हा फॉरनॅक्सचे गुच्छ त्यात होते. त्या कणाचं वस्तुमान एक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एकावर बावीस शून्यांएवढा अंश. कोणतं पान खरं हे फॉरनॅक्स एकटी सांगू शकत नाही. गुच्छ सांगतात ते एवढंच की मध्याशी टोक असणं अवघड आहे. त्यापुढे कुणी ‘डार्क मॅटरचं कोडं सुटलं’ असं लिहिलं तर त्याच्याकडे वही मागा.

दुसरा पुरावा हवा असेल तर एरिडॅनस २ घ्या. ही दीर्घिका २०१५ साली सापडली, सुमारे ३७० किलोपार्सेकवर. तिच्या मध्याजवळ एकच गुच्छ आहे, फिकट आणि पसरट. टोकाच्या जबरदस्त ओढीत असा पसरट गुच्छ टिकणं कठीण, म्हणून इथेही गाभ्याकडे बोट जातं. २०१६ साली टिमोथी ब्रँट यांनी त्याचा आणखी एक उपयोग केला. डार्क मॅटर म्हणजे सूर्याच्या दहापट-वीसपट वजनाची कृष्णविवरं असती, तर ती गुच्छातल्या ताऱ्यांना धक्के देत त्याला फुगवून केव्हाच विस्कटून टाकती. गुच्छ शाबूत आहे, म्हणजे सगळं डार्क मॅटर तसल्या कृष्णविवरांचं नाही.

आणि बघायचं असेल तर

फॉरनॅक्स दीर्घिका इतकी विरळ आहे की डोळ्याला तिचा पत्ता लागत नाही. हार्लो शॅपली यांना ती १९३८ साली फोटोच्या काचांवर सापडली. गंमत अशी की तिचा तिसरा गुच्छ त्याच्या शंभर वर्षं आधी, १८३५ साली, जॉन हर्शेल यांनी केप ऑफ गुड होपवरून पाहिला होता. दीर्घिका कुणाला ठाऊक नव्हती आणि गुच्छ यादीत होता. त्याचं नाव एनजीसी १०४९. तुमच्या तक्त्यातली तिसरी ओळ ती हीच.

कोल्हापूरहून तो दक्षिणेला ३९ अंशांपर्यंत वर येतो, डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास. आठ इंची दुर्बीण आणि खरोखर काळं आकाश लागतं. शहरातून जमणार नाही, पन्हाळ्यावरही शहराचा उजेड येतो. त्यात डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. गुऱ्हाळांचा आणि कारखान्यांचा धूर नदीकाठी खाली बसतो. राधानगरीच्या वर दाजीपूरकडे आकाश चांगलं मिळतं. अभयारण्यात रात्री दुर्बीण मांडून बसता येणार नाही, तेव्हा अलीकडच्या गावात ओळखीच्या शेतात मांडा. दुर्बिणीचं वर्धन आधी कमी ठेवून जागा शोधा, मग दीडशेपट करा. शेजारचे तारे टोकदार दिसत असताना एक तारा फोकस करूनही जरा भुरका राहिला तर तो एनजीसी १०४९. त्या भागात रात्री गवे शेतात उतरतात, म्हणून मालकाला आधी कळवा, गाडी जवळ लावा आणि एकट्याने जाऊ नका.